नौपाड्यात रविवारचा निवांत ब्रंच: आठ माणसं, तीन पिढ्या, बसायचं कुठे?

घंटाळीची_सून
मंडळी, मदत हवी आहे. येत्या रविवारी पुण्याहून दीर-जाऊ येताहेत, सोबत त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा. इकडून आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि सासू-सासरे. घरी करायचं म्हटलं तर जाऊबाई आणि मी ओट्यापाशी आणि बाकीचे हॉलमध्ये गप्पा मारत, हे ठरलेलं. म्हणून बाहेरच.

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, चरई एवढ्या टापूत हवं. वेळ साडेदहा ते साडेबारा. मामंजींचा गुडघा दुखतो, जिना नको. सासूबाईंना अंड्याचा वास चालत नाही. पुतण्याला पॅनकेक हवेत. आणि मुख्य म्हणजे आपण चहा पीत असताना मागे रिकाम्या टेबलाची वाट बघत कुणी उभं नको. एवढं एका जागी मिळेल का?

तर्रीबाज
मामलेदार. धागा बंद करा.

घंटाळीची_सून
@तर्रीबाज, मिसळ आम्हालाही आवडते हो. पण रविवारी तिथे आठ माणसं एकत्र बसवून दोन तास गप्पा मारून दाखवा, मी तुम्हाला सगळ्यांसमोर साष्टांग नमस्कार घालते.

तर्रीबाज
गप्पा मारायला मिसळ लागते कशाला? तिखट मागवा, गप्पा आपोआप बंद होतात.

पाचपाखाडीकर
ताईंचा प्रश्न रास्त आहे. आपल्या भागातल्या नावाजलेल्या जागांची यादी डोळ्यांसमोर आणा. मामलेदार, म्हणजे मामलेदार कचेरीच्या आवारात सुरू झालेली. विष्णुनगरातला गजानन वडापाव, पिवळ्या बेसनाच्या चटणीसाठी. स्टेशनसमोरचं कुंजविहार, जंबो वडापावसाठी. आमच्याकडचा प्रशांत कॉर्नर, चाट आणि मिठाईसाठी. या सगळ्या खाण्याच्या जागा आहेत, बसण्याच्या नव्हेत. खा, हात धुवा, पुढच्याला जागा द्या. ठाणेकर त्यासाठीच तिथे जातो आणि त्यात कुणाला वाईटही वाटत नाही. ब्रंचवाल्याला मात्र जेवणाइतकीच खुर्ची महत्त्वाची असते. नौपाड्यात खाणं उदंड आहे, टंचाई खुर्चीची आहे.

घोडबंदरचा_वाटसरू
मग नौपाड्याचा हट्ट कशाला? सरळ हिरानंदानी इस्टेटला या. ऐसपैस कॅफे, पॅनकेक, वॅफल, ऑम्लेट, हवं ते. बाहेर रुंद फूटपाथ, मुलांना फिरायला जागा. एका कॉफीवर दीड तास बसलात तरी कोणी उठवत नाही. विवियाना (आताचं लेक शोर) आणि कोरम मॉलही आहेत, तिथे लिफ्ट आहे, काकांच्या गुडघ्याचा प्रश्नच मिटला.

चरईतला_शेजारी
हरिनिवासच्या पुढे गेलं की नौपाडेकरांना पासपोर्ट लागतो, तुम्हाला माहीत नाही का?

घोडबंदरचा_वाटसरू
पासपोर्टचं सोडा, आम्ही रोज येतो तुमच्याकडे. पण हेही सांगतो, घोडबंदर रोडवर मेट्रोची कामं किती वर्षं चालली आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. रविवारी सकाळी दहाच्या आत निघालात तर पटकन पोहोचाल. परतताना दुपारी एकच्या पुढे कापूरबावडीला काय होईल याची हमी मी देणार नाही. सहा वर्षांचं मूल गाडीत असेल तर विचार करून या.

भटारखाना
हॉटेल लाइनीत बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा जरा आतल्या बाजूने सांगतो. ताईंनी जी वेळ दिली आहे, साडेदहा ते साडेबारा, तीच खरी अडचण आहे.

आपल्याकडच्या मराठी उपाहारगृहांचा दिवस दोन पाळ्यांत कापलेला असतो. नाश्त्याचं काम पहाटे लागतं. मिसळीचा कट, बटाट्याची भाजी, चटण्या, भिजवलेला साबुदाणा मोकळा करणं. अकराच्या सुमाराला शेगड्या जेवणाकडे वळतात. भाताचं पातेलं चढतं, आमटी उकळायला लागते, तव्यावर पोळ्या येतात. पोळ्या आल्या की थालीपीठाला तवा उरत नाही. म्हणजे अकरा ते बारा हा तास ना नाश्त्याचा, ना जेवणाचा. वेटरही त्याच वेळात आळीपाळीने आत दोन घास खाऊन घेतात. तुम्ही साडेदहाला बसलात, सगळे येईपर्यंत पावणेअकरा, ऑर्डर ठरेपर्यंत अकरा. पहिली फेरी कशीबशी येते. दुसऱ्या फेरीला 'खिचडी संपली', 'थालीपीठ बंद झालं', 'जेवण साडेबाराला' ऐकायला लागतं, आणि आठजणांतले तीन रुसून बसतात.

उडुप्याकडे थोडं वेगळं गणित. डोशाचा तवा दिवसभर तापलेला असतो, त्यामुळे डोसा-उत्तप्पा कधीही मागा. इडली लवकर गेलात तर. मेदूवडा अकरानंतर मागवायचा असेल तर सांबारात बुडवूनच मागवा, कोरडा नको.

म्हणून माझं म्हणणं, एक तर पावणेदहाला बसा आणि ऑर्डर एकदम द्या, टप्प्याटप्प्याने नको. नाहीतर घरी चहा-बिस्किटं देऊन सगळ्यांना थोपवा आणि बाराला सरळ जेवायला बसा. मधल्या वेळेचा आग्रह धरलात तर तो फक्त कॅफेवाले किंवा मोठी हॉटेलंच पुरवू शकतात, कारण त्यांचं अख्खं स्वयंपाकघर त्याच वेळेसाठी मांडलेलं असतं.

घंटाळीची_सून
@भटारखाना, हे कुणी आजवर सांगितलंच नव्हतं. साबुदाणा वडा कधी अप्रतिम आणि कधी दगड का लागतो, तेही यातच आलं का?

भटारखाना
बऱ्याच अंशी. गर्दीच्या दिवशी वडे अर्धे तळून परातीत काढून ठेवतात आणि ऑर्डर आली की पुन्हा तेलात सोडतात. यात गैर काही नाही, वडा चांगलाच होतो. बिघडतो तो पूर्ण तळून पडलेला वडा दुसऱ्यांदा तळला की.

ओळखायचा कसा? ताज्या वड्याचा रंग सगळीकडे सारखा नसतो. कडा तांबूस, मधे फिकट, आणि वरचे साबुदाण्याचे दाणे फुगून पारदर्शक दिसतात. मोडला की आतून वाफ येते, दोन तुकड्यांमध्ये चिकट तार धरते आणि दाण्याचं कूट ओलसर लागतं. पुन्हा तळलेला एकजात गडद तपकिरी असतो. वरचे दाणे दाताखाली कडकड वाजतात, आतला बटाटा कोरडा, आणि बशीतल्या कागदावर तेलाचा गोल पसरलेला. चटणीत दही जास्त असेल तर पहिल्या घासाला कळत नाही, म्हणून आधी नुसताच मोडून बघा. संकष्टी असेल त्या दिवशी मात्र बिनधास्त मागवा, खप इतका असतो की शिळा राहायला वेळच मिळत नाही.

तर्रीबाज
मिसळीचंही सांगा की.

भटारखाना
कट सकाळी घट्ट आणि तरतरीत असतो. गर्दी वाढेल तसं पाणी वाढतं, मग वरून तर्री ओतून रंग सांभाळतात. तुम्ही तर्री जास्त मागता तेव्हा स्वयंपाकी मनातल्या मनात तुमचे आभार मानतो.

तर्रीबाज
आयुष्यभराचा विश्वास उडाला.

चेंदणीकर
मी आपला वाचतोय गंमत म्हणून. आमच्या कोळीवाड्यात रविवारी ब्रंच कशाला पाहिजे? सकाळी चहा-बटर, मग मटणाच्या रांगेत उभं राहायचं, दुपारी दीडला मटण आणि तांदळाची भाकरी, चारपर्यंत झोप. मधे काही खाल्लं तर आई विचारते, जेवायचं नाही का आज?

घंटाळीची_सून
@चेंदणीकर, आमचे हे अगदी याच मताचे आहेत. त्यांना तुमच्याकडेच पाठवते.

हिशेबी
मोठ्या हॉटेलच्या ब्रंच बुफेचा विषय निघाला म्हणून आकडे मांडतो, कारण जाहिरातीतला दर आणि हातात येणारं बिल यात फरक असतो.

समजा माणशी 1,500 रुपये आणि लहान मुलाला अर्धा दर. चौदा वर्षांच्या मुलाला बहुतेक ठिकाणी पूर्ण दर लावतात. म्हणजे सात पूर्ण, एक अर्धा, झाले 11,250. आता जीएसटी. साध्या रेस्टॉरंटात तो 5 टक्के असतो. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं रात्रीला 7,500 च्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटला 18 टक्के लागतो. म्हणजे आणखी 2,025. एकूण 13,275. त्यात सासूबाई खाणार दोन इडल्या आणि एक वाटी फळं, मामंजी खाणार उपमा. पैसे वसूल करणारा एकटा पुतण्या.

दुसरं, बिलाखाली सर्व्हिस चार्ज लावलेला असला तर तो देणं बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय की तो बिलात आपोआप जोडता येणार नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. शांतपणे 'काढून द्या' म्हणायचं, बहुतेक काढून देतात. नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइन 1915. मुलांसमोर वाद घालायला संकोच वाटत असेल तर टेबलावर न बोलता काउंटरला जाऊन बोला. टीप स्वखुशीने द्या, वेटरच्या हातात द्या.

पाचपाखाडीकर
आमच्याकडे अशाच एका बुफेला (नाव नको) वडिलांनी सगळं सोडून तीन वाट्या दहीभात खाल्ला आणि म्हणाले, 'उत्तम होता, घरच्यासारखा.' त्यानंतर बुफे बंद.

चरईतला_शेजारी
एक पर्याय अजून कुणी सांगितला नाही. आपल्या भागात गुजराती वस्ती बरीच आहे, त्यामुळे रविवारी सकाळी फरसाणाच्या दुकानांत ताजा फाफडा-जिलबी मिळतो. राममारुती रोडवरून सकाळी चालत जा, वासानेच कळेल. फाफडा तळणीतून काढल्यावर थोड्या वेळातच खायला हवा, सोबत कच्च्या पपईचा संभारो, तळलेली मिरची आणि बेसनाची पातळ कढी. अकरानंतर जाऊ नका, उरलेला मऊ पडलेला असतो. घरी आणून आठ जणांत वाटला तर बसायचा प्रश्नच नाही. खुर्च्या घरच्याच.

उपवनकाठ
मी दोन ठिकाणांची योजना सुचवते. एका जागी सगळं मिळवण्याच्या नादात माणसं चिडतात.

पहिला टप्पा, साडेनऊ-पावणेदहा. तुमच्या घराजवळचं कुठलंही बरं उडुपी, तळमजल्यावरचं. डोसा, इडली, फिल्टर कॉफी. सासूबाईंना अंड्याचा त्रास नाही, लहानीला साधा डोसा, मामंजींना उपमा. वेटरला आधीच सांगा की ऑर्डर एकदम देणार, मग तेही खूश. तास-सव्वा तासात उठा, त्यांच्या गर्दीच्या आत.

मग तलावपाळीला एक फेरी. तिथे कठड्याला टेकून कितीही वेळ बसा, कुणी बिल आणत नाही. उन्हाळा असेल तर ही फेरी रद्द, सरळ घरी.

दुसरा टप्पा फक्त तरुण मंडळींचा. पुतण्या, त्याचे आई-बाबा, हवं तर तुम्ही, कुठल्याही कॅफेत पॅनकेक आणि कॉफी. सासू-सासरे तोवर घरी आडवे. आठ जणांना एकाच पंगतीत बसवायचा अट्टहास नको.

घंटाळीची_सून
@उपवनकाठ, हे पटतंय. फक्त जाऊबाई म्हणतील, दोघींना एकत्र बसायलाच मिळालं नाही. मग दुसऱ्या टप्प्याला आम्ही दोघीच गेलो तर? दोघे भाऊ मुलांना बघतील.

उपवनकाठ
अगं तेच म्हणणार होते, पण म्हटलं धाग्यावर पुरुषमंडळी आहेत.

हिशेबी
पुरुषमंडळींची हरकत नाही. बिल मात्र निम्मं वाचलं हे नोंदवून घ्या.

गोखले_रोड_कोपरा
गुडघ्यासाठी एक गोष्ट. आपल्या भागातली बरीच जुनी हॉटेलं दुमजली आहेत, खाली साधी बसायची जागा आणि वर 'ए.सी. फॅमिली'. कुटुंब दिसलं की वेटर सवयीने वर पाठवतो. जिना अरुंद, पायऱ्या उंच, आणि वॉशरूम मधल्या टप्प्यावर. आदल्या दिवशी फोन करून तीनच गोष्टी विचारा: तळमजल्यावर आठजणांसाठी दोन टेबलं जोडून देता का, वॉशरूम त्याच मजल्यावर आहे का, आणि नाश्त्याची शेवटची ऑर्डर किती वाजता. रविवारी टेबल राखून ठेवत नाही म्हणाले तर दोघंजण आधी जाऊन बसा, बाकीचे पाठोपाठ.

पार्किंगचं: गावदेवी मैदानाखाली पार्किंग आहे, तिथे लावा आणि चालत या. मामंजींना मात्र आधी हॉटेलच्या दारात सोडा. राममारुती रोडवर कुठल्या तारखेला कुठल्या बाजूला गाडी लावायची ते फलक बघूनच ठरवा, टोइंगवाल्यांना रविवार नसतो.

रेल्वेवाला_आपला
दीर-जाऊ रेल्वेने येणार असतील तर रविवारचा मेगाब्लॉक बघितलात का? मध्य रेल्वेचा ब्लॉक बहुतेक रविवारी साधारण अकरा ते चार असतो, म्हणजे नेमका तुमच्या ब्रंचच्या वेळेला. कधी माटुंगा ते मुलुंड, कधी ठाण्याच्या पुढे. एक्सप्रेस गाड्याही वळवून आणतात आणि त्या रखडतात. वेळापत्रक आदल्या एक-दोन दिवसांत पेपरात येतं. पुण्याहून पहाटेची गाडी धरून साडेनऊच्या आत ठाण्यात उतरले तर ब्लॉकचा प्रश्न येत नाही. उशिराची धरली तर ते कल्याणला अडकून पडतील आणि तुम्ही डोशासमोर.

घंटाळीची_सून
ते गाडीने, म्हणजे कारने येताहेत. पण परतीच्या आधी भावजींना दादरला कुणाकडे तरी जायचं आहे लोकलने, तेव्हा हे उपयोगी पडलं.

तर्रीबाज
आणि मराठी जेवणाचं काय? एवढे पुण्याहून येणार आणि तुम्ही त्यांना डोसा खायला घालणार? ठाण्याची अब्रू?

पाचपाखाडीकर
त्यासाठी भटारखाना म्हणाले तोच दुसरा मार्ग. घरी सकाळी चहा आणि फाफडा, आणि बाराच्या आधी घंटाळीजवळच्या मेतकूटला जाऊन नाव लिहा. मराठी शाकाहारी जेवण, अंड्याचा प्रश्न नाही, पुणेकरांना नाव ठेवायला जागा नाही. रविवारी दुपारी बाहेर थांबायला लागतं हे गृहीत धरा. मामंजींना घरून शेवटी बोलवा, तुम्ही तिथल्याच आहात, नंबर लागत आला की फोन करा. ताईंच्या घराजवळ असल्याचा तेवढा तरी फायदा.

घंटाळीची_सून
आता घरात मतदान घेतलं. सासूबाई: 'फाफडा आणा आणि मग मेतकूट, डोसा मी घरी करते तोच बरा असतो.' मामंजी: सासूबाई म्हणतील ते. हे: मटण. लेक: जिलबी. पुतण्याने पुण्याहून मेसेज पाठवलाय, 'काकू, पॅनकेकचं विसरू नको.'

तर ठरलं असं की नऊला फाफडा-जिलबी घरी, साडेअकराला हे जाऊन नाव लिहिणार, आणि संध्याकाळी जाऊबाई, मी आणि पुतण्या कॅफेत. म्हणजे ब्रंच असा झालाच नाही म्हणा. @भटारखाना, मेतकूटला आठ जणांना ऑर्डर कशी द्यावी, एकदम की थोडी थोडी?

भटारखाना
जेवणाच्या पाळीला उलटं. आधी दोन-तीन तळणीचे पदार्थ, कोथिंबीर वडी वगैरे, लगेच सांगा म्हणजे मुलं शांत. मग ताटं किंवा भाज्या. भात शेवटी सांगा, आधी मागवलात तर गार होऊन बसतो. गोड सुरुवातीलाच विचारून राखून ठेवायला सांगा, दीडनंतर संपलेलं असतं.

सीवूड्सवाली
सगळा धागा वाचला, छान आहे, पण आमच्या नवी मुंबईकडे कुणी बघतच नाही. पाम बीचच्या बाजूला, नेरूळ-सीवूड्समध्ये आई-वडिलांना घेऊन सकाळी निवांत बसायला काय आहे? तळमजला, शाकाहारी, पार्किंगसकट.

घोडबंदरचा_वाटसरू
वाशी सेक्टर 17 मध्ये उडुपी, पंजाबी, कॅफे सगळं एका चौकात आहे आणि बरंच काही तळमजल्यावर. नेरूळचं मला फारसं माहीत नाही.

पाचपाखाडीकर
@सीवूड्सवाली, वेगळा धागा काढा, इथे खाली दडून जाईल. शीर्षकात सेक्टर लिहा, नुसतं नेरूळ लिहिलंत तर पूर्व की पश्चिम यावरच पहिली दहा उत्तरं येतील.